दुरुस्तीनंतर लॅपटॉपची बॅटरी आणि पंखा कुरबुर करू लागले तर

लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना तक्रार बहुधा वेगळीच असते. कधी पडदा फुटलेला असतो, कधी कीबोर्डवर पाणी सांडलेले असते, कधी बिजागरी निखळलेली असते. दुरुस्ती होऊन यंत्र परत येते, मूळ तक्रार मिटलेली असते आणि दोन दिवसांनी लक्षात येते की पूर्वी चार तास चालणारी बॅटरी आता दीड तासात मान टाकते, किंवा पंखा सारखा घोंघावत राहतो, किंवा त्याचा आवाजच येत नाही आणि तळ मांडीवर ठेववत नाही इतका तापतो. अशा वेळी पहिला विचार नवी बॅटरी किंवा नवा पंखा घेण्याचा येतो. तो थोडा लांबणीवर टाकावा. दुरुस्तीच्या आधी जे नीट चालत होते आणि नंतर बिघडले, ते झिजून खराब झालेले क्वचित असते. उघडझाप करताना जिथे हात लागला तिथे काहीतरी अर्धवट बसलेले, बसवायचे राहिलेले किंवा बदलले गेलेले असते. म्हणून शोध घेताना एकच प्रश्न धरून चालावे: या दुरुस्तीसाठी आतले काय काय काढावे लागले असेल?

पावतीवर याचे उत्तर मिळेलच असे नाही. तिथे ‘कीबोर्ड बदलला’ एवढेच लिहिलेले असते. पण अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या चौकटीला आतून प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जखडलेला असतो, आणि तो बदलायचा तर बॅटरी, पंखे आणि हीटसिंकसह (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, असे सगळे बाहेर काढून पुन्हा जागेवर बसवावे लागते. दुरुस्ती करणाऱ्याला हे सरळ विचारावे. नेमके काय उघडले होते आणि कोणता भाग नवा घातला, या दोन उत्तरांनी निम्मा शोध तिथेच संपतो.

आधी सुरक्षितता

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा आणि एकेका कोपऱ्यावर हलकेच बोट दाबून पाहावे. तो डुगडुगत असेल, टचपॅड एका बाजूने वर आलेला असेल किंवा पूर्वीसारखा दाबला जात नसेल, तळाच्या सांध्यात फट पडलेली असेल, तर बॅटरी फुगल्याचा संशय धरावा. डुगडुगण्याचे कारण तळाचा निघालेला रबरी पायही असू शकते, कारण काही स्क्रू या पायांखाली दडवलेले असतात आणि ते काढताना पाय उचकटले जातात. म्हणून पाय आधी मोजावेत. बॅटरी फुगलेलीच असेल तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही. चार्जर काढावा, लॅपटॉप बंद ठेवावा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. ती दाबून जागेवर बसवू नये, टोचू नये आणि साध्या कचऱ्यात टाकू नये. लिथियम-आयन बॅटरीच्या आतील द्राव ज्वलनशील असतो आणि आवरणाला छिद्र पडल्यास ती पेट घेऊ शकते.

दुसरी तपासणी कानाची. बंद लॅपटॉप दोन्ही हातांत धरून सावकाश एका बाजूला कलवावा, मग दुसऱ्या बाजूला. आत बारीकसा ‘खळ्’ असा आवाज आला तर एखादा स्क्रू सुटा फिरतो आहे असे समजावे. तो काढल्याशिवाय लॅपटॉप सुरू करू नये. मदरबोर्डवर तो नको ती दोन टोके जोडून शॉर्टसर्किट करू शकतो, पंख्यात अडकू शकतो, आणि बॅटरीच्या मऊ पाकिटाखाली गेला तर तिथे रोज दाब पडत राहतो, जे या तिन्हींत सर्वांत वाईट.

झाकण न उघडता काय काय पाहता येते

चार्जरपासून सुरुवात करावी, कारण दुरुस्तीच्या टेबलावर चार्जरांची अदलाबदल फार सहज होते. त्यावरील आउटपुटचे आकडे वाचावेत. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट, उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे साधारण ६५ वॅट. लॅपटॉपला ९० वॅटचा चार्जर हवा असेल आणि हाती ६५ वॅटचा आला असेल, तर काम चालू असताना बॅटरी भरत नाही, प्रसंगी चार्जर लावलेला असूनही टक्के उतरतात. डेल आणि एचपीच्या गोल तोंडाच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते आणि तिच्याद्वारे लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतो. ती वाकली किंवा आतल्या जॅकची तार नीट जोडली गेली नाही, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद ठेवला जातो. यूएसबी-सी असेल तर केबलही पाहावी: साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच प्रवाह वाहून नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट, मग चार्जर कितीही मोठा असो.

त्यानंतर सॉफ्टवेअर. दुरुस्तीत डिस्क बदलली किंवा विंडोज नव्याने टाकले असेल, तर पहिला एक-दोन दिवस यंत्र मागच्या मागे राबत असते. अपडेट उतरतात, फायलींची सूची तयार होते, अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळतो. पंखा जोरात फिरणे आणि बॅटरी लवकर उतरणे या दोन्ही तक्रारी अशा वेळी एकदम येतात, आणि दोन्ही आपोआप जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि काहीही काम चालू नसताना प्रोसेसर किती टक्के गुंतलेला आहे ते पाहावे. तो सतत ३०-४० टक्क्यांवर असेल तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही; लॅपटॉप एक दिवस चार्जरवर चालू ठेवून त्याला आपले काम उरकू द्यावे. तरीही आकडा खाली आला नाही तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून चिपसेट, ग्राफिक्स आणि पॉवर यांचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या भागांशी जोडणारी सॉफ्टवेअर, टाकावेत.

बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर येऊन थबकत असेल तर तो बहुधा बिघाड नसतोच. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून बहुतेक उत्पादकांनी चार्जिंगची मर्यादा ठरवण्याची सोय दिली आहे; लेनोव्होच्या लॅपटॉपमध्ये तिला कन्झर्वेशन मोड म्हणतात, इतरांकडे ती बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारे, मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) किंवा त्यांच्या ॲपमध्ये सापडते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, बायोस अद्ययावत केला किंवा त्याच्या नोंदी मूळपदावर गेल्या, तर ही मर्यादा न सांगता चालू किंवा बंद होऊ शकते.

बॅटरीचा अहवाल वाचणे

विंडोजमध्ये बॅटरीचा सविस्तर अहवाल काढता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) लिहावे, एक जागा सोडून उजवीकडे कललेली तिरपी रेघ द्यावी, तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ (batteryreport) हा सलग शब्द लिहावा आणि एंटर दाबावे. अहवालाची फाइल कोठे ठेवली गेली ते लगेच खाली दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडते. मॅकवर हीच माहिती सिस्टिम रिपोर्टमधील पॉवर या भागात असते.

त्यात दोन आकडे महत्त्वाचे. डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज ती पूर्ण भरल्यावर मावणारी ऊर्जा. समजा पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ४१,००० मिलिवॅट-तास आहे. म्हणजे बॅटरीत ८२ टक्के दम शिल्लक आहे, आणि वेळ निम्म्यावर आली असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. दुसरा आकडा २०,००० वर असेल तर मात्र बॅटरीच थकली आहे. याच अहवालात पुढे क्षमतेचा इतिहास तारखांनुसार दिलेला असतो. विंडोज नव्याने टाकले नसेल तर दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तिथे शेजारीशेजारी सापडतात. दोहोंमध्ये डिझाइन कपॅसिटीच बदललेली दिसली, तर तुमच्या लॅपटॉपमध्ये आता दुसरी बॅटरी बसलेली आहे, मग ती तुम्हाला सांगून बसवलेली असो वा नसो. बॅटरीचे नाव आणि अनुक्रमांकही वरच्या तक्त्यात असतो. दुरुस्तीला देण्याआधीच हा अहवाल काढून ठेवण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. वाद घालण्यापेक्षा दोन कागद पुढे ठेवणे सोपे जाते.

नवी बॅटरी बसवल्यावर ३० टक्के दिसत असतानाच लॅपटॉप एकदम बंद पडणे, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बॅटरीच्या आत एक छोटी मापक चिप असते आणि किती ऊर्जा आत गेली, किती बाहेर आली याचा हिशेब ती ठेवते. बॅटरी बराच काळ साठवणीत पडून असेल तर हा हिशेब चुकलेला असतो. तो जुळवण्यासाठी बॅटरी १०० टक्के भरावी, त्यानंतरही दोनेक तास चार्जर लावलेला ठेवावा, मग चार्जर काढून लॅपटॉप आपणहून बंद होईपर्यंत वापरावा, काही तास तसाच राहू द्यावा आणि शेवटी मध्ये न थांबवता पुन्हा पूर्ण भरावा. हे एकदा, फार तर दोनदा करावे. दर महिन्याला करू नये, कारण बॅटरी तळापर्यंत उतरवल्याने ती उलट लवकर थकते. दोनदा करूनही ती ठरावीक टक्क्यांवर कोसळत असेल तर बॅटरीत मालिकेने जोडलेल्या घटांपैकी (सेलपैकी) एक कमकुवत आहे असे समजून बॅटरी बदलून मागावी. नवी बॅटरी पहिल्यांदा आठ-बारा तास भरत ठेवावी हा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळचा आहे. लिथियम-आयनला त्याचा काही उपयोग नाही.

नव्या बॅटरीवर लॅपटॉप सुरूच होत नसेल तर घाबरू नये. काही बॅटऱ्या कारखान्यातून झोपेच्या अवस्थेत येतात आणि चार्जर एकदा लावल्यावरच जाग्या होतात.

यापैकी कशानेच फरक पडला नाही तर उरलेली वीज काढून टाकण्याचा उपाय करावा: लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरावे, मग चार्जर लावून सुरू करावे. बॅटरी, चार्जिंग आणि पंखा या तिघांवर नजर ठेवणारा एक वेगळा नियंत्रक मदरबोर्डवर असतो. दुरुस्तीनंतर तो कधीकधी जुन्याच समजुतीत अडकून राहतो आणि या उपायाने भानावर येतो. बॅटरी आतच बसवलेली असेल तर तिची तार सोडवून हा उपाय करणे अधिक परिणामकारक ठरते.

झाकण उघडल्यावर

दुरुस्तीची हमी चालू असेल तर झाकण उघडू नये, परत न्यावे. उघडणारच असाल तर एका कागदावर तळाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू चित्रातल्या त्याच्या जागी ठेवावा. स्क्रू लहान-मोठे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आतल्या भागात घुसतो. सांधा उकलण्यासाठी प्लास्टिकचे जुने कार्ड वापरावे, पोलादी स्क्रूड्रायव्हर नव्हे.

झाकण निघाल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणे. लॅपटॉप बंद असला तरी मदरबोर्डवर वीज असते आणि चिमट्याचे टोक एकदा चुकीच्या जागी टेकले तर बोर्ड जाऊ शकतो. सोडवण्याआधी मात्र डोळे कनेक्टरच्या पातळीवर आणून त्याच्याकडे बाजूने पाहावे, टॉर्चच्या उजेडात. तो दोन्ही टोकांना सारखाच खाली गेलेला हवा. एका टोकाला कागद सरकेल एवढी जरी फट दिसली तरी तुमचा बिघाड सापडला म्हणून समजा: अशा अर्धवट बसलेल्या कनेक्टरवर वीज मिळते, पण माहिती वाहणाऱ्या पिना टेकत नाहीत, आणि मग लॅपटॉप बॅटरी ओळखत नाही किंवा ती दिसते पण भरत नाही. काही कनेक्टर वरून दाबून बसतात, काही बोर्डाला समांतर सरकवून बसतात. सरकणारा कनेक्टर वर ओढला तर बोर्डावरची त्याची खाचच उखडून येते. तारांना धरून कधीही ओढू नये. कनेक्टरच्या दोन्ही कानांवर नखे टेकवून तो थोडा थोडा पुढे ढकलावा.

पंख्याचा कनेक्टर आणखी लहान, तांदळाच्या चार दाण्यांएवढा. त्यात तीन किंवा चार तारा असतात. दोन वीज देतात, एक पंखा किती वेगाने फिरतो ते परत कळवते आणि चौथी असल्यास ती वेग ठरवणारा संकेत आणते. पंख्याचे पुढचे वर्तन समजण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे.

पंखा: चार प्रकारची तक्रार

पंखा मुळीच फिरत नाही, ही पहिली. लॅपटॉप थंड असताना अनेक पंखे थांबलेलेच असतात, म्हणून निष्कर्षाची घाई करू नये. लांब व्हिडिओ चालवून दहा मिनिटे थांबावे आणि हवा बाहेर पडण्याच्या जाळीसमोर टिश्यू कागदाची पट्टी धरावी. ती हलत नसेल आणि तळ तापत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करावा. सुरू होतानाच पडद्यावर पंख्याच्या त्रुटीचा संदेश येत असेल, उदाहरणार्थ एचपीवर ‘९०बी’ हा क्रमांक, तर वेग कळवणारा संकेत पोहोचत नाही. कनेक्टर काढून पुन्हा बसवावा. पंखा नवा असेल तर त्यावरील व्होल्ट वाचावेत. बहुतेक पंखे ५ व्होल्टचे असतात, पण काही गेमिंग लॅपटॉपमध्ये दिसायला तसाच १२ व्होल्टचा पंखा असतो आणि एकाच्या जागी दुसरा लावला तर एक रेंगाळत फिरतो आणि दुसरा जळतो.

दुसरी तक्रार, पंखा कायम पूर्ण वेगात. नियंत्रकाला तापमानाचा किंवा वेगाचा संकेत मिळाला नाही की तो धोका न पत्करता पंखा सर्वाधिक वेगाने चालवतो. मॅकबुकमध्ये एखाद्या संवेदकाची (सेन्सरची) पट्टी, म्हणजे चपटी केबल, जोडायची राहिली की पंखा गर्जतोच, शिवाय प्रोसेसरही मंद होतो आणि ‘कर्नल टास्क’ नावाची प्रक्रिया सगळी शक्ती खाते असे दिसते. अशा वेळी पंख्याचे तापमानाशी काही देणेघेणे नसते. दुरुस्तीत हलवलेल्या सर्व चपट्या पट्ट्या, टचपॅडची आणि बॅटरीचीही, नीट बसल्या आहेत का ते पाहावे.

तिसरी, आवाज. बारीक ‘टिक् टिक्’ म्हणजे पात्यांना काहीतरी लागते आहे. माझ्या एका लॅपटॉपचा पडदा बदलून आल्यावर हा आवाज केवळ पडदा फार मागे नेला तरच येई, सरळ ठेवला की थांबे. आठवडाभर मी पंख्यालाच नावे ठेवत होतो. झाकण काढून पडदा मागे-पुढे केला तेव्हा दिसले की वाय-फायची काळी तार बिजागरीजवळच्या खाचेत अडकवायचीच राहिली होती; पडदा मागे गेला की तिला झोल येई आणि ती पात्यांच्या कडेला टेकत असे. तार खाचेत दाबली, आवाज गेला. घासल्यासारखा सततचा खरखराट असेल तर पंख्याची पातळ पत्र्याची चौकट वाकलेली असते किंवा त्याचा एखादा स्क्रू जास्त आवळलेला असतो. तो पाव फेरा सैल करून पाहावा.

चौथी तक्रार सर्वांत फसवी आहे: पंखा जोरात फिरतो, हवाही येते, तरी लॅपटॉप तापतो. इथे बाहेर पडणाऱ्या हवेला हात लावून पाहावा. ती गरम असेल तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचते आहे आणि प्रश्न धुळीचा किंवा कामाच्या भाराचा आहे. ती जवळजवळ गारच असेल आणि तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर ९५ अंशांच्या वर आकडे दाखवत असेल, तर उष्णता प्रोसेसरवरच साचली आहे. साधारणपणे हलक्या कामात ४० ते ५५ आणि जड कामात ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे अनेक लॅपटॉपमध्ये नित्याचे असते. १०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात.

कारण बहुधा हीटसिंकखाली सापडते. ते एकदा उचलले की प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी जुनी थर्मल पेस्ट निरुपयोगी होते, कारण वाळलेला थर फाटतो आणि पुन्हा बसवल्यावर मध्ये हवा राहते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसावी आणि नवीन पातळ लावावी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा करत आवळावेत. एक स्क्रू एकदम पिळला तर दुसरी बाजू उचलली जाते. शेजारच्या चिपांवरील मऊ थर्मल पॅडची (उष्णता वाहणाऱ्या गादीची) जाडीही जुन्याइतकीच हवी. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड घातला की हीटसिंक प्रोसेसरवर टेकतच नाही. आणि नव्या पॅडवरची पारदर्शक पातळ पट्टी काढली होती का, हेही पाहावे. ती राहून जाणे हास्यास्पद वाटते, पण राहते.

धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरताना पाहायला मजा येते, पण त्याचे बेअरिंग त्या वेगासाठी बनवलेले नसते. खरी धूळ पात्यांवर नसून पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्या यांच्या मधल्या फटीत, नमद्यासारखी जमलेली असते.

दोन तक्रारी, एकच मूळ

बॅटरी भरत नाही आणि लॅपटॉप तापतो, असे दोन्ही एकदम घडत असेल तर पंख्याकडे आधी वळावे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या टप्प्यातच चार्ज करायची असते आणि तिच्यातील तापमापक या मर्यादेबाहेर चार्जिंग थांबवतो. त्यामुळे सकाळी थंड लॅपटॉप व्यवस्थित चार्ज होतो आणि तासाभराच्या कामानंतर तेच चार्जिंग बंद पडते, असे दिसले की बॅटरी बदलून काही साधणार नाही.

सगळे बसवल्यावर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, नेहमीचे काम चार्जर न लावता तासभर करावे आणि सुरुवातीचे व शेवटचे टक्के, तापमान आणि पंख्याचा आवाज कधी वाढला ते लिहून ठेवावे. लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे परत न्यायची वेळ आली तर ‘नीट चालत नाही’ असे न सांगता हा कागद आणि बॅटरीचा अहवाल त्याच्या हाती द्यावा, आणि झाकण तुम्ही उघडले होते का, उघडले असल्यास कोणता कनेक्टर हलवला, हेही लपवू नये.